पाणघोडा उघडत नाही

५ फेब्रुवारी, दुपारी, दुकानातून

वळणबाई,

हे पत्र कामाचं आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पाकीट फोडताना तुला उगाच तोंड वाकडं करायला नको. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, मेलवरही केलंस आणि वर्गाच्या ग्रुपमधून तर मीच तणतणत बाहेर पडलो होतो. राहिला पोस्टमन. त्याला ब्लॉक करायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही.

तर काम. मी सध्या बोर्ड आणि काचेवरची अक्षरं करणाऱ्या दुकानात डिझायनर आहे. 'सध्या' वर हसू नकोस. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे काउंटर, मध्ये मी आणि कॉम्प्युटर, मागे कापायचं मशीन. हे मशीन चिकट व्हिनाइलच्या रोलवर बारीक पात्याने रेषा कापतं. मग मावशी चिमटा घेऊन नको तो भाग सोलून टाकतात, आणि उरतं ते अक्षर. मावशी सोलता सोलता बोलतात, मालक बोलता बोलता ओरडतात, आणि मी गप्प असतो. (शेवटचं खोटं आहे. तुला कळलंच असेल.)

गेल्या आठवड्यात त्या सॉफ्टवेअरचं भाडं भरायची आठवण आली. तेच, कॉलेजात शिकवतात ते. विकत मिळत नाही, जन्मभर भाड्यानेच राहायचं त्यात. मालकांनी स्क्रीनकडे अशा नजरेने पाहिलं, जसं दोन दिवसांसाठी आलेल्या आणि महिनाभर राहिलेल्या पाहुण्याकडे पाहतात. म्हणाले, "महिनाअखेर हे बंद. दुसरं काहीतरी बघू." मी म्हटलं, "मालक, दुसरी ढीगभर आहेत! मी तर कॉलेजातच सांगत होतो की..." आणि मग मी बराच वेळ सांगत राहिलो. माझं संपल्यावर मालक म्हणाले, "एवढं सगळं येतं ना तुला? मग तूच निवड. फसलं तर तुझ्याच माथी."

तर निवडायचंय मी. आणि अडचण दुकानाची नाही, आपल्या पाणघोड्याची आहे.

पुस्तक आठवतं का, असं विचारणार नाही. बसायला खुर्ची शोधत हिंडणारा आणि बसेल ती खुर्ची मोडणारा पाणघोडा. तो तू काढायचास, खुर्च्या मी. निम्मी पानं झाली आणि मग जे झालं ते झालं. त्याबद्दल हे पत्र नाही. पण ती सगळी पानं त्या भाड्याच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींमध्ये आहेत. महिनाअखेरीला ते बंद झालं की पाणघोडा आत आणि मी बाहेर. म्हणून मी ठरवलंय, कुठलंही नवीन सॉफ्टवेअर आलं की आधी त्यात पाणघोडा उघडून बघायचा. ज्यात तो धड उघडेल ते आपलं. म्हणजे दुकानाचं.

मला पुस्तक पूर्ण करायचंय. तुझ्याबरोबर. एवढं एकच वाक्य कामाचं नाही, बाकी सगळं कामाचं आहे.

पहिल्या प्रयोगाचा प्रिंट सोबत आहे. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जगभरातली माणसं हौसेने बनवतात म्हणे. तू पाणघोड्याच्या अंगावर ती सुंदर छटांची जाळी घातली होतीस ना, ती त्याला कळलेलीच नाही. पाणघोडा फरशी बसवल्यासारखा दिसतोय. एक डोळा पानाच्या तळाशी जाऊन पडलाय. मी लगेच ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि माउस आपटला. माउस ठीक आहे.

कामापुरता,
भडकू


१० फेब्रुवारी, जेवणाच्या सुट्टीत

उत्तर न देणाऱ्या वळणबाईस,

दुसरं स्थळ पाहून झालं. याचे पैसे एकदाच द्यायचे आणि मोकळं व्हायचं. काय देखणं आहे म्हणून सांगू! उघडतं झटकन, रेषा लोण्यासारखी वळते. पाणघोडा अगदी जसाच्या तसा आला, दोन्ही डोळे जागेवर. मी खुर्चीतून उठून मावशींना हाक मारली. त्या चिमटा हातात धरून आल्या, पाणघोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढा आनंद तर तुला पगाराच्या दिवशीपण होत नाही. कोणाचाय हा?"

"माझ्या मैत्रिणीचा."

"काढला कोणी ते नाही विचारलं," म्हणाल्या आणि गेल्या. मला अजून नीट कळलेलं नाही त्या काय म्हणाल्या ते.

मग मी मराठी टाइप केलं. आपल्या धंद्यात जोडाक्षर आणि रफार फुटले की बोर्ड गेला. म्हणून मी चाचणीचं एक वाक्य ठरवून ठेवलंय, पहिल्या प्रिंटपासून सगळीकडे तेच टाकतो. "वळणबाई, पुस्तक पूर्ण करूया." यात 'स्त' आहे, रफार आहे, 'रू' आहे. निवड केवळ तांत्रिक आहे, गैरसमज नको. तर त्या देखण्या बाबाने 'पुस्तक' चे दोन तुकडे केले आणि 'पूर्ण' चा रफार उचलून शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवला. नाभिकाने एकाची टोपी दुसऱ्याला घालावी तसा. कुठेतरी काहीतरी सेटिंग असेलही. मी शोधायला थांबलो नाही. तेही काढून टाकलं.

तिसरं ब्राउझरमध्ये चालतं. काही बसवायला नको, काही नको. निम्मा पाणघोडा आला तेवढ्यात दुकानातलं नेट गेलं. मालक म्हणाले, "चांगलंय की, उरलेला उद्या येईल." मी त्यांना काहीतरी बोललो. मग तेही काहीतरी बोलले. मग मावशी म्हणाल्या, "दोघं बाहेर जाऊन भांडा, माझं अक्षर हललं."

वळणबाई, खरं सांगायचं तर मी वैतागलोय. सगळ्यांत काही ना काही खोट आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, दहा मिनिटं बस तरी त्याच्यासमोर. पण तू नाहीस, त्यामुळे मी उठून चहा प्यायला गेलो.

या दोघांचेही प्रिंट पाठवतोय. फेकून दिलेस तरी चालेल. (नाही चालणार.)

भडकू


१४ फेब्रुवारी, सकाळ

वळणबाई!!

पाकीट आलं. आत एका अक्षराचं पत्र नाही. फक्त माझे तीन प्रिंट, आणि त्यांच्यावर तुझं लाल पेन!

मी ते दारातच उघडलं. आई मागून डोकावली. "पत्र कुठंय यात?"

"हेच पत्र आहे."

"अगं बाई. पेपर तपासलाय नुसता. पास का नापास?"

फुकटवाल्या पाणघोड्याच्या डाव्या कानाभोवती तू गोल केलायस आणि लिहिलंयस, "रेषेवर एवढे पॉइंट कशाला? चारात वळतो कान." बाजूला, "छटा फेक. सपाट रंगात बघ." खाली, अगदी बारीक, "मराठी यातच नीट आलंय. तुला दिसलं नाही?"

नाही दिसलं. मी डोळा कुठे पडला तेच बघत बसलो होतो.

आणि देखण्या बाबाच्या प्रिंटवर, तुटलेल्या वाक्याखाली तू एक लाल रेघ ओढलीस, पण शेजारी काहीच लिहिलं नाहीस. रफाराबद्दल होती का ती रेघ? का वाक्याबद्दल? तांत्रिक कुतूहल म्हणून विचारतोय.

आईला मी म्हटलं, "बघ, किती बारकाईने पाहिलंय तिने." आई म्हणाली, "बाळा, ज्या मुलीने नाद सोडलाय ती असले कान मोजत बसत नाही." मग लगेच म्हणाली, "आता एवढं ऐकून तिथे धावत जाऊ नकोस. आधी काम कर." माझ्या घरात सगळे माझ्याबद्दल असं का बोलतात?

फुकटं सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं. सगळ्या किल्ल्या वेगळ्या. बोटं आपोआप जुन्या जागी जातात आणि भलतंच होतं. काल कॉपी करायला गेलो आणि पाणघोडा उलटा झाला, पाय वर. मी उठलो. मग बसलो. हे तुला मुद्दाम कळवतोय.

कान चार पॉइंटांत केलाय. जमलाय का सांग.

भडकू


१८ फेब्रुवारी, दुकान

गुरुमाउली,

नाही आवडलं ना? बरं. वळणबाई.

तुझ्या दुसऱ्या पाकिटात "कान बरा. शेपटी नको तिथे जाड" एवढंच आहे, पण मी ते मशीनवर चिकटवून ठेवलंय. सपाट रंगातला पाणघोडा पाठवतोय. मला वाटलं होतं, छटा गेल्यावर तो मेल्यासारखा दिसेल. उलट आता लांबूनही कळतं की हा कोणीतरी आहे आणि याला बसायचंय. जाळी नाहीशी झाली ती सॉफ्टवेअरच्या नालायकीमुळे, पण बरं झालं गेली. तू आधीच असं काढायला हवं होतंस. (हे मागे घेतो.)

मी निवड केलीय. फुकटं. मालकांना कारणंही सांगितली, शांतपणे, मावशी साक्षीला आहेत. मराठी फुटत नाही. आपल्या जुन्या मशीनवर चालतं. ते फाइल ज्या साच्यात ठेवतं तो साचा कुणाच्या मालकीचा नाही, उद्या दुसऱ्या कशातही उघडेल. खोट एकच, छपाईच्या शाईचे रंग त्याला नीट हाताळता येत नाहीत. पण आपण शाई वापरतच नाही, आपला रंग रोलमधून येतो. मालक म्हणाले, "आणि पुढच्या आठवड्यात तुला हेही आवडेनासं झालं तर?" मी म्हटलं, "तर तेव्हाही हेच." बोलून गेलो खरा.

पुस्तकाच्या छपाईचं मात्र बघावं लागेल. मला वाटतं, दोनच रंग ठेवू, पाणघोडा निळा, खुर्च्या नारिंगी, आणि छापखान्यात उभं राहून पहिला ताव तपासू. तुझं मत काय?

आता एक विनंती. मुलांच्या पोहण्याच्या तलावाचं काम आलंय. दरवाज्याची मोठी काच, प्रशिक्षकांना त्यावर पाण्यातला एखादा प्राणी हवाय. मला आपल्या पाणघोड्याशिवाय दुसरं काही सुचत नाहीये. पण पाणघोडा तुझा आहे. विचारल्याशिवाय वापरणार नाही.

बघ, विचारतोय.

भडकू


२२ फेब्रुवारी, संध्याकाळी

वळणबाई,

परवानगी मिळाली. "वापर. नावासकट" असं लिहिलंयस, तेव्हा कोपऱ्यात तुझं नाव बारीक अक्षरांत टाकतो.

कागदाची मागची बाजू मी आज दुपारी पाहिली. तू काम करतेस त्या स्टुडिओत तुला कायम करतायत. सही केलीस की बाहेरचं कुठलंही काम करता येणार नाही, पुस्तकसुद्धा. आणि महिनाअखेरीपर्यंत सांगायचंय.

अभिनंदन. मोठा स्टुडिओ आहे. खिडकीतून झाडं दिसतात असं तू कॉलेजात असताना म्हणाली होतीस, मुलाखतीला गेली होतीस तेव्हा. छान असेल.

मावशींनी विचारलं, "आज एवढा गप्प का?" मी म्हटलं, काम आहे. त्या म्हणाल्या, "काम रोज असतं."

उद्या तलावाच्या काचेचं व्हिनाइल कापायचंय. बाकी ठीक.

भडकू

ता. क. दोन रंगांबद्दल तू काहीच बोलली नाहीस. आता बोलायचं कारणही नाही म्हणा.


२४ फेब्रुवारी

सोडलं.

दुकान सोडलं, ते सॉफ्टवेअर सोडलं, सगळं सोडलं. कुणाचा ओरडा खायला जन्माला आलो नाही. तू सही कर. झाडं बघ. पाणघोडा तुला लखलाभ.

मी


२५ फेब्रुवारी, पोस्टाच्या पायरीवर

वळणबाई,

आधी हे वाच. कालचं पत्र मिळालं असेल तर न वाचता फाड. वाचलं असशील तर विसर.

सकाळपासून मी लाल पेटीपाशी उभा होतो. पोस्टमन आला, पेटी उघडली. मी म्हटलं, "दादा, त्यातलं एक माझं आहे, निळ्या पाकिटातलं, परत द्या." तो म्हणाला, "पेटीत पडलं की ते तिचं झालं."

"तिचं? तुम्हाला काय माहीत ती आहे म्हणून?"

"परत मागायला येणाऱ्यांची पत्रं विजेच्या ऑफिसला गेलेली नसतात," म्हणाला, पिशवी खांद्यावर टाकली आणि गेला. म्हणून आता हे त्याच्यामागून पाठवतोय, जलद टपालाने.

झालं काय ते सांगतो. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्याकडे एक बटण होतं, माझ्याआधीच्या डिझायनरने करून ठेवलेलं. कापायला पाठवण्याआधी ते दाबलं की एकमेकांवर पडलेले सगळे आकार वितळून एक व्हायचे. मी सवयीने धरून चाललो होतो की हे होतंच. नव्यात ते बटण नाही. आणि मशीनला रंग दिसत नाही, झाकलेलं-उघडं कळत नाही. त्याला फक्त रेषा दिसतात, दिसली रेषा की काप.

पाणघोड्याच्या पोटाखाली माझं चाचणीचं वाक्य होतं. मोठ्ठ्या अक्षरांत. मी ते पुसलं नव्हतं, वर पाणघोडा ठेवून झाकलं होतं. का पुसलं नव्हतं ते विचारू नकोस.

मशीनने पाणघोडा कापला आणि पोटातलं वाक्यही कापलं. मावशींनी एकेका अक्षराभोवतीचं पोट निगुतीने सोललं. "मला वाटलं डिझाइनच आहे," म्हणाल्या. "रफार केवढा नाजूक होता, जपून राखला." मी बँकेत गेलो होतो तेवढ्यात मालकांनी स्वतः जाऊन काच लावून टाकली, चष्मा न घालता. आणि आज तलावाच्या दारावर, माणसाच्या उंचीच्या पाणघोड्याच्या पोटावर लिहिलंय: वळणबाई, पुस्तक पूर्ण करूया.

प्रशिक्षक शिट्टी गळ्यात घालूनच दुकानात आले. "अहो, आमच्याकडे मुलं पोहायला येतात! कसलं पुस्तक? कोण वळणबाई?" मालक माझ्याकडे वळले. "कोण वळणबाई?" मी म्हणालो ते सांगत नाही. मालक म्हणाले ते तर मुळीच सांगत नाही. मी ड्रॉवर आपटला, पिशवी उचलली आणि निघालो. घरी येऊन ते निळं पाकीट.

आई पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, सोडलं. तिने लाटणं खाली ठेवलं नाही की वर पाहिलं नाही. "बरं. आता काय सोडायचं शिल्लक आहे?" एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी ताटापाशी बसलो आणि खरंच मोजायला लागलो. काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं ग. म्हणजे एक होतं, आणि ते मी नुकतंच पेटीत टाकून आलो होतो.

सहीचं म्हणशील तर तुला वाटतं ते कर. पण माझ्या निळ्या पत्राच्या रागाने करू नकोस, आणि या पत्राच्या दयेनेही थांबू नकोस. मला तू पुस्तकात हवी आहेस. पुस्तकाबाहेरही हवी आहेस. हे दोन्ही वेगवेगळ्या लेयरवर आहेत, तुला एकच चालू ठेवायचा असेल तर तसं कर, मी आरडाओरडा करणार नाही.

आता उठतो. पातं आणि गरम हवेचं मशीन आणायला दुकानात जायचंय. मालक आत येऊ देतात का बघू.

भडकू


२८ फेब्रुवारी, दुपारी

वळणबाई,

आत येऊ दिलं. मी दारात उभा होतो, मालकांनी मान वर न करता विचारलं, "काय विसरलास?" मी म्हटलं, "पातं. काच साफ करायचीय." ते म्हणाले, "ड्रॉवरमध्ये आहे. ड्रॉवर उघडत नाही, काल कोणीतरी आपटलाय." दोघांनी मिळून तो ओढून काढला. त्यानंतर त्याबद्दल कोणी बोललं नाही. ओरडणारा माणूस किती लवकर विसरतो ते मला बाहेरून पहिल्यांदाच दिसलं.

तलावावर गेलो. गरम हवा मारून 'करूया' सोललं. मागे पोहण्याच्या टोप्या घातलेल्या मुलांची ही गर्दी, अंगावरून पाणी गळतंय. 'पूर्ण' काढलं. 'पुस्तक' काढलं. 'वळणबाई' ला पातं लावलं आणि एक मुलगी ओरडली, "तिचं नाव का काढताय?"

"कोणाचं?"

"वळणबाईचं! पाणघोडीचं!"

काच लागल्यापासून, वळणबाई, ती सगळी पोरं पाण्यात उतरण्याआधी काचेवर थाप मारून "वळणबाई, आलो गं" म्हणतायत. एक छोटा तर पाण्याला घाबरून महिनाभर काठावर बसलेला, तो आदल्या दिवशी "वळणबाई बघतेय" म्हणून उतरला. प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवून पोरांना मागे सारलं. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "नाव राहू दे." मग हळूच, "पण आहे कोण?" मी म्हटलं, "जिने पाणघोडा काढलाय ती." त्यांनी काचेकडे पुन्हा नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग तर राहूच दे."

तेव्हा तू 'नावासकट' म्हणाली होतीस ते झालंय. थोडं मोठं झालंय. आणि एका तलावापुरती तू पाणघोडी आहेस, त्याला माझा इलाज नाही.

आज भाड्याचं बंद होणार. म्हणून सकाळपासून बसून आपली सगळी पानं, तुझी आणि माझी, मोकळ्या साच्यात काढून घेतली. प्रत्येक पान नव्यात उघडून पाहिलं. जिथे छटा फुटल्या तिथे सपाट रंग भरला, जिथे कान बिघडला तिथे चार पॉइंट. एका पानात अडकलो, रेषा काही केल्या जुळेना. दोनदा उठलो आणि मावशींनी दोनदा नुसतं "हं?" केलं. शेवटी जुळली. हातासरशी वितळवायचं ते बटणही मी नव्यात तयार केलंय, आता झाकलेलं कापलं जाणार नाही.

पेन ड्राइव्ह सोबत आहे. झालं तेवढं सगळं पुस्तक आहे त्यात. उघडायला कुणाला भाडं द्यावं लागणार नाही. तू सही केली असलीस तरी ठेव. निम्मं तुझंच आहे.

भडकू


५ मार्च, दुपारी, घाईत

वळणबाई,

तुझं पाकीट आत्ता आलं. मावशी, मालक आणि प्रशिक्षक (ते हल्ली चहाला येतात) माझ्याभोवती उभे आहेत आणि आपण काही बघत नाही असं दाखवतायत.

आधी निळं पत्र निघालं. माझं. लाल पेनाने तपासलेलं! 'सोडलं' ला चारही ठिकाणी गोल आणि समासात, "पुनरुक्ती. आधी वापरलंय. नवीन शब्द शोध." 'लखलाभ' खाली, "आवेश जास्त, आशय कमी." मी मोठ्याने हसलो. मालक म्हणाले, "वाचून दाखव." मी वाचलं. मालक म्हणाले, "या मुलीला दुकानात घ्यायला हवं, मला एकट्याला हा आवरत नाही."

मग दुसरा कागद. त्याच्यावर नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, सहीचं नाव नाही. फक्त, "फुकटं माझ्या लॅपटॉपवर बसवलंय. पेन ड्राइव्ह उघडला. नवव्या पानावर खुर्चीचा पाय तोडायचाय. कात्री कुठे आहे? दोन तास शोधतेय."

मी ते तीनदा वाचलं. स्टुडिओत त्या भाड्याच्या सॉफ्टवेअरशिवाय पान हलत नाही हे मला माहीत आहे. तू हे *तुझ्या* लॅपटॉपवर बसवलंयस. बाहेरचं काम. मार्च महिन्यात. म्हणजे सही नाही.

मावशी म्हणाल्या, "आता नाचू नको, आधी उत्तर दे. पोरगी अडकलीय."

तर उत्तर. यात कात्री नाही. त्यांच्याकडे कात्रीच्या जागी दुसरीच रीत आहे. डावीकडच्या उभ्या पट्टीत बाणाच्या खाली पॉइंट हलवायचं साधन आहे, ते घे. जिथे पाय तोडायचाय तिथे रेषेवर डबल क्लिक कर, एक पॉइंट उगवेल. मग वरच्या पट्टीत तोडायचं चिन्ह आहे, ते दाब. काहीच झालं नाही असं वाटेल. चिडू नकोस (हे मी तुला सांगतोय!). रेषा तुटलेली असते, पण वेगळी झालेली नसते. वरच्या मेनूत 'सुटं कर' अशी आज्ञा आहे, ती दिलीस की पाय हातात येईल. पायाचा कोन मात्र माझ्यावर सोड, मोडक्या खुर्च्या माझं खातं आहे, आणि तू काढलेली खुर्ची मोडली तरी सभ्यच दिसते.

निळा आणि नारिंगी चालेल का, ते अजून सांगितलेलं नाहीस. समोरासमोर सांग.

कारण हे लिहिता लिहिता मी मालकांकडे रजा मागितली. चार दिवसांची, अर्ज करून, कारणासकट. मालकांनी अर्ज वाचला, चष्मा घालून वाचला, आणि म्हणाले, "हा पहिलाच डिझायनर आहे जो मला सांगून चाललाय." उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. हे पत्र बहुधा माझ्याच डब्यातून येईल. तेव्हा दारावर आधी कोण येतं ते बघ, पोस्टमन की मी, आणि जो येईल त्याला आत घे.

तोवर नववं पान सेव्ह करून ठेव.

भडकू